तक्रार

कामगार तंटा कार्यालय, फरवानिया, दुसरा मजला.
आठवड्यातून दोन दिवस मी इथं दुभाषी.
जन्म बाणकोटच्या खाडीवर, वाढले कुवेतात;
मराठी अम्मीकडून आली, अरबी शाळेतून.

भिंतीवर नवा तक्ता लागलाय.
कुठल्याशा थंड शहरात कुणी सह्या केल्या,
त्या जिने उतरत उतरत इथवर पोचल्या
सहा भाषांत, चकचकीत कागदावर:
पासपोर्ट ज्याचा त्याच्यापाशी.
पगार महिन्याच्या महिन्याला.
दुपारी अकरा ते चार उन्हात काम नाही.

तक्त्यात मराठी नाही.
तक्त्याखालच्या बाकावर आहे:
प्रल्हाद कळसाईत, तालुका जत, गिलावा करतो,
सात महिने पगार नाही.
फरशी स्वच्छ दिसली म्हणून
चपला दाराबाहेर ठेवून आलाय.

"मॅडम, तक्रार नाही माझी," तो म्हणतो,
"तेवढा हिशेब व्हावा."

निरीक्षकबाईंचं नाव हिस्सा.
त्यांच्याकडे त्याचा अर्थ वाटा, आपल्याकडेही वाटाच.
पुष्कळ शब्द असे समुद्र ओलांडून गेले,
व्हिसा नाही, दलालाला दीड लाख नाही.
हक्क तोच हक्क. हिशेब तोच हिशेब.
काही मात्र वाटेत बदलले.
आपला गरीब म्हणजे ज्याच्याकडे काही नाही,
त्यांचा गरीब म्हणजे जो इथला नाही.
आणि तक्रार,
आपल्याकडे गाऱ्हाणं,
त्यांच्याकडे नुसतं पुन्हा, पुन्हा तेच.

मी प्रामाणिकपणे सांगते: गाऱ्हाणं नाही म्हणतोय.
हिस्साबाई पेन खाली ठेवतात.
मग फाईल उघडता येणार नाही.
अर्जात चौकट एकच आहे.

मी त्याच्याकडे वळते.
"भाऊ, त्या शब्दाशिवाय कागद हलत नाही."
तो तक्त्याकडे बघतो, वाचता येत असल्यासारखा.
बराच वेळ.
"मग लिवा," म्हणतो. "पन नाव बारीक लिवा."

शुवैखमधलं कंपनीचं ऑफिस. एसीची घरघर.
ड्रॉवर उघडला तर
वीस-वीसचे गठ्ठे, रबरबँड सुकून तुटलेले,
एक खालचा पासपोर्ट चहानं फुगलेला.
"अमानत म्हणून ठेवलेत," व्यवस्थापक म्हणाला,
"हरवतात हो ही माणसं.
आणि हा नवा कायदा आम्हाला कुणी कळवला नाही."
"कायदा जुनाच आहे," हिस्साबाई म्हणाल्या,
"आज आम्ही आलोय, एवढंच नवं."

माझ्या अब्बांचाही असाच एका ड्रॉवरात होता,
बावीस वर्षं.
आज्जा वारले तेव्हा
किल्लीवाला सुटीवर गेला होता.
हे मी बोलले नाही.
दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं.

सात महिन्यांच्या पगाराला तारीख पडली.
मग आणखी एक तारीख.
पासपोर्ट मात्र त्याच दिवशी हातात आला.
फोटोतल्या तरुणाला मिशी नव्हती,
प्रल्हादनं तो उलटा-सुलटा करून पाहिला,
दुसऱ्या कुणाचा तर नाही ना, तसा.

पुढच्या सोमवारी पुन्हा बाकावर.
"मॅडम, हे ठेवायचं कुठं?
खोलीत अकरा जण, कपाटाला दार नाही.
चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं,
डबा उशाला घेऊन झोपतो.
तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे का?"

ड्रॉवर माझ्याही टेबलाला आहे. कुलपाचा.
मी तो उघडला नाही.
"नाही," म्हटलं, "कुणापाशीच नाही."
ते मराठीत किती कठोर वाटलं,
माझं मलाच.

हसावीत एक बंगाली शिंपी आहे.
त्याच्याकडून बनियनला आतून खिसा शिवून घेतला म्हणे,
वर बटण.
पाव दिनार दिला,
आणि पावती मागितली.
शिंपी हसला. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं.

प्रल्हाद उभाच राहिला.
पुन्हा मागितली.